'द एक्झॉर्सिस्ट' : संशयाच्या युगातला सैतान

'द एक्झॉर्सिस्ट' हा विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित अमेरिकी चित्रपट २६ डिसेंबर १९७३ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी प्रदर्शित झाला. बारा वर्षांच्या एका मुलीला सैतान पछाडतो आणि दोन कॅथलिक धर्मगुरू तिला सोडवायला येतात, एवढेच त्याचे कथासूत्र. त्याआधी सैतान पडद्यावर आलाच नव्हता, असे नाही. रोमन पोलान्स्कीच्या 'रोझमेरीज बेबी'ने १९६८ मध्येच त्याला न्यूयॉर्कच्या सदनिकेत आणून बसवले होते. पण 'द एक्झॉर्सिस्ट'ने प्रेक्षकांना जो हादरा दिला आणि धर्म, वैद्यक, सेन्सॉर, समीक्षा अशा सगळ्या क्षेत्रांत जी खळबळ माजवली, तिला भयपटांच्या इतिहासात तोड नाही. त्याचे कारण त्यातल्या किळसवाण्या दृश्यांत जितके आहे, त्याहून अधिक ते कथेच्या मांडणीत आहे. अतिमानवी गोष्टीवर सहजासहजी विश्वास न ठेवणाऱ्या माणसांचा हा चित्रपट आहे, आणि त्याची भीती त्यांच्या अविश्वासाच्या पायावर उभी आहे.

१९४९ची बातमी

चित्रपटाचे मूळ एका वृत्तपत्रीय बातमीत आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने मेरीलँड राज्यातल्या एका किशोरवयीन मुलाविषयी बातमी छापली. घरात भिंतींवर ओरखडल्याचे आवाज येणे, त्याचा पलंग हलणे, त्याच्या अंगावर ओरखडे उमटणे असे प्रकार घडत असल्याचे घरच्यांचे म्हणणे होते. पुढे सेंट लुइस शहरात विल्यम बाउडर्न या जेझुइट धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली कित्येक आठवडे सैतान उतरवण्याचा विधी चालला आणि मुलगा बरा झाल्याचे सांगण्यात आले. त्या दिवसांची नोंदवहीही धर्मगुरूंनी ठेवली होती. पुढे काही अभ्यासकांनी या प्रकरणाची छाननी केली, तेव्हा त्यांना त्यात अलौकिक असे काही आढळले नाही. घरातले ताण आणि मुलाचे वर्तन यांवरून घडल्या प्रकाराचा उलगडा होतो, असे त्यांचे मत पडले.

ही बातमी वाचणाऱ्यांत विल्यम पीटर ब्लॅटी हा जॉर्जटाउन विद्यापीठाचा विद्यार्थी होता. हे विद्यापीठ जेझुइटांचे, आणि ब्लॅटी स्वतः लेबनॉनहून आलेल्या आईवडिलांच्या श्रद्धाळू कॅथलिक घरात वाढलेला. सैतान खरोखरच असेल, तर देवही असलाच पाहिजे, हा विचार त्याच्या मनात घर करून राहिला. मधली बरीच वर्षे त्याने हॉलिवूडसाठी विनोदी पटकथा लिहिण्यात घालवली आणि दोन दशकांनंतर तो या विषयाकडे वळला. त्याने बाउडर्नशी पत्रव्यवहार केला. मूळ मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून कादंबरीत मुलाच्या जागी मुलगी आणली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत वर्षभराहून अधिक काळ राहिली. चित्रपटाची पटकथाही ब्लॅटीनेच लिहिली आणि निर्मितीची जबाबदारीही त्यानेच घेतली.

कथेचा क्रम

चित्रपट सुरू होतो उत्तर इराकमध्ये. तिथल्या उत्खननात फादर लँकेस्टर मेरिन या वृद्ध धर्मगुरूला एका पुरातन दैत्याचे छोटे मस्तक सापडते. आपला जुना शत्रू पुन्हा समोर येणार, याची चाहूल त्याला लागते. तिथून कथा वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात येते. क्रिस मॅकनील ही अभिनेत्री चित्रीकरणासाठी तिथे भाड्याच्या घरात राहते आहे. ती घटस्फोटित आहे आणि धर्माशी तिचा काही संबंध उरलेला नाही. तिची मुलगी रीगन हसरी, आईवर जीव असलेली. माळ्यावर खुडखुड ऐकू येते, तेव्हा उंदीर असतील म्हणून सापळे लावले जातात. वीजा बोर्डाशी खेळताना रीगनला एक अदृश्य सवंगडी मिळाला आहे, पण तिच्या वयाच्या पोराटोरांचा खेळ म्हणून तिकडे कुणी लक्ष देत नाही.

त्यानंतर तिचे वागणे बिघडू लागते आणि चित्रपट तिला दवाखान्यात नेतो. हा टप्पा लांबलचक आहे आणि मुद्दाम तसा ठेवला आहे. डॉक्टर आधी चंचलपणाचे निदान करून गोळ्या देतात, मग मेंदूच्या विकाराचा संशय घेतात. मानेतल्या रोहिणीत सुई खुपसून रंगद्रव्य सोडणे, पाठीच्या कण्यातले पाणी काढून त्या जागी हवा भरणे, अशा त्या काळी रूढ असलेल्या तपासण्या होतात. मेंदूचे स्कॅन करणारी यंत्रे त्या वेळी नुकतीच येऊ लागली होती. सुई टोचताच उडालेली रक्ताची चिळकांडी, क्ष-किरण यंत्राचा कान बधिर करणारा दणदणाट आणि टेबलावर बांधून ठेवलेली घाबरलेली पोर, हे दृश्य अनेक प्रेक्षकांना सैतानाच्या दृश्यांपेक्षा असह्य वाटले. त्यात अलौकिक काहीच नाही. पण आधुनिक शास्त्राने आपले सगळे उपाय करून पाहिले आणि हात टेकले, हे तिथे प्रेक्षकाच्या मनावर बिंबते. विधीचा पर्यायही डॉक्टरच सुचवतात. आपल्याला बाधा झाली आहे असे रुग्णाला वाटत असेल, तर ती उतरल्याचा विश्वासही त्याला बरे करू शकेल, हा त्यांचा तर्क निव्वळ मानसशास्त्रीय आहे.

ज्याच्याकडे क्रिस जाते, तो फादर डेमियन कॅरस धर्मगुरू आहेच, शिवाय मानसोपचारतज्ज्ञही आहे. आई एकाकी मरण पावल्याचा सल त्याला पोखरतो आहे आणि त्याची श्रद्धा डळमळली आहे. रीगनला बाधा झाल्याचे तोही मान्य करत नाही. तो नळाचे साधे पाणी पवित्र जल म्हणून तिच्यावर शिंपडतो, आणि तिच्यातला सैतान तडफडल्यासारखे करतो. म्हणजे पुरावा बाधेच्या विरोधात जातो. तिची अनाकलनीय बडबड ध्वनिफितीवर उलटी फिरवल्यावर ते उलटे बोललेले इंग्रजी निघते. पुरावा कधी एका बाजूला झुकतो, कधी दुसऱ्या. रीगनच्या पोटाच्या कातडीवर मदतीची याचना करणारे शब्द उमटलेले पाहिल्यावर मात्र कॅरस बिशपकडे परवानगी मागतो, आणि अनुभवी मेरिनला बोलावले जाते. विधी चालू असताना हृदयक्रिया बंद पडून मेरिनचा मृत्यू होतो. कॅरस सैतानाला स्वतःच्या अंगात ओढून घेतो आणि सैतान ताबा घेऊन मुलीला इजा करू लागण्याआधीच खिडकीतून खालच्या दगडी जिन्यावर उडी घेतो. मुलगी वाचते. झाल्या प्रकारातले तिला काही आठवत नाही.

पाझूझू आणि रोमन विधी

चित्रपटातला दैत्य ब्लॅटीच्या कल्पनेतला नाही. पाझूझू हा प्राचीन मेसोपोटेमियातला वाऱ्याचा दैत्य. त्याचा चेहरा श्वापदाचा, पायांना पक्ष्याचे पंजे, पाठीवर पंख आणि मागे विंचवाची नांगी. त्याच्या छोट्या मूर्ती आणि मस्तके आज मोठमोठ्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. मात्र त्या मूर्ती घडवण्यामागचा हेतू चित्रपटातल्यापेक्षा पार वेगळा होता. गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे यांच्यावर घाला घालणाऱ्या लमाश्तू या दैत्यिणीला पळवून लावण्यासाठी पाझूझूचे मस्तक ताईत म्हणून बाळगले जाई. लेकराबाळांचा पाठीराखा असलेला हा दैत्य चित्रपटात एका लेकराचाच वैरी होतो.

विधी मात्र कॅथलिक परंपरेतला आहे. १६१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात सैतान घालवण्याच्या प्रार्थना आणि नियम दिलेले आहेत. बिशपने नेमलेल्या धर्मगुरूनेच हा विधी करायचा, आणि मनोविकाराला बाधा समजण्याची चूक होऊ द्यायची नाही, असे तो ग्रंथ बजावतो. अनोळखी भाषा बोलणे, अज्ञात गोष्टी सांगणे, वयाला न शोभणारी ताकद दिसणे, या त्याने सांगितलेल्या खुणा. कॅरसच्या पडताळणीमागे हीच चौकट आहे. चित्रीकरणाला सल्लागार म्हणून जेझुइट धर्मगुरू हजर होते. त्यांपैकी विल्यम ओमॅली यांनी कॅरसचा मित्र फादर डायर याची भूमिका केली.

बनवाबनवीशिवाय वास्तव

फ्रीडकिन मूळचा माहितीपटकार. 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) या पोलिसपटासाठी त्याला दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले होते. हातात धरलेला कॅमेरा, रस्त्यावरचा खरा गोंगाट, नट आणि सामान्य माणसे यांची सरमिसळ, ही त्याची शैली. भुताचा चित्रपटही त्याने तसाच काढला. मेरिनची भूमिका मॅक्स फॉन सिडोने केली. तो त्या वेळी चव्वेचाळिशीच्या आसपास होता, आणि त्याचे म्हातारपण हे रंगभूषाकार डिक स्मिथचे कसब होते. कॅरसच्या भूमिकेतला जेसन मिलर हा नाटककार पहिल्यांदाच पडद्यावर आला. त्याच्या नाटकाला १९७३ मध्येच पुलित्झर पारितोषिक मिळाले. क्रिस झाली एलन बर्स्टिन आणि रीगन झाली लिंडा ब्लेअर.

संगणकीय करामतींचा तो काळ नव्हता. जे दिसते ते कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवलेले होते. पोटावर उमटणारे शब्द हे त्याचे चांगले उदाहरण. स्मिथने लॅटेक्सचे खोटे पोट बनवले आणि त्यावर रसायनाने अक्षरे रंगवली. रसायनामुळे लॅटेक्स फुगून अक्षरे वर आली. मग गरम हवेच्या झोताने ती वाळवून सपाट केली आणि त्याचे चित्रीकरण करून फिल्म उलटी चालवली. पडद्यावर कातडीतून शब्द वर येताना दिसले. गर्रकन फिरणारे रीगनचे डोके यांत्रिक बाहुलीचे होते. मुलीच्या खोलीत श्वासाची वाफ दिसावी म्हणून न्यूयॉर्कच्या स्टुडिओतली ती खोली शीतयंत्रांनी गोठणबिंदूखाली नेली जाई. नट आणि तंत्रज्ञ कुडकुडत काम करत. इराकमधला भाग मोसुलच्या दक्षिणेला असलेल्या हत्राच्या प्राचीन अवशेषांत चित्रित झाला, तोही अमेरिका आणि इराक यांचे राजनैतिक संबंध तुटलेले असताना.

या अट्टहासाची किंमतही मोजावी लागली. सेटला आग लागून काम कित्येक आठवडे थांबले, आणि चित्रीकरण ठरल्या मुदतीपेक्षा फार लांबले. एका दृश्यात बर्स्टिनला दोरीने मागे खेचताना तिच्या पाठीला दुखापत झाली. तिची ती खरी किंकाळी चित्रपटात तशीच आहे. नटांना दचकवण्यासाठी फ्रीडकिन सेटवर बंदुकीचा बार काढत असे. दिग्दर्शकाने वास्तवासाठी नटांना कितपत वेठीला धरावे, या चर्चेत आजही या चित्रपटाचा दाखला दिला जातो.

आवाज आणि संगीत

चित्रपटाची निम्मी भीती कानांवाटे आत शिरते. सैतानाचा आवाज मर्सिडीझ मॅककेम्ब्रिज या ज्येष्ठ अभिनेत्रीचा. कच्ची अंडी, सिगारेटी आणि मद्य यांनी तिने घसा खरवडून घेतला आणि धापा, घरघर, गुरगुर यांतून असा आवाज घडवला, की तो बाईचा की पुरुषाचा हे कळू नये. पहिल्या प्रतींमध्ये तिचे नावच नव्हते. तिने आवाज उठवल्यावर ते घातले गेले. मान फिरतानाची करकर मेक्सिकन ध्वनितज्ज्ञ गोन्सालो गाविरा याने चामड्याचे जुने पाकीट पिळून काढली. डुकरांच्या किंकाळ्या आणि मधमाश्यांचा गुंजारवही ध्वनिपटात मिसळलेला आहे.

लालो शिफ्रिनने रचलेले संगीत फ्रीडकिनला पसंत पडले नाही. त्याऐवजी त्याने पोलिश संगीतकार क्रिश्टॉफ पेंडेरेत्स्की यांच्या रचना आणि विशीतल्या माइक ओल्डफील्डच्या 'ट्यूब्युलर बेल्स'चा आरंभीचा तुकडा वापरला. मूळ रचनेचा भयपटाशी काही संबंध नव्हता. व्हर्जिन रेकॉर्ड्स या नव्या कंपनीची ती पहिली ध्वनिमुद्रिका. चित्रपटामुळे ती जगभर पोचली आणि त्या घंटानादासारख्या सुरावटीचे भीतीशी कायमचे नाते जुळले.

प्रदर्शन आणि प्रेक्षक

वॉर्नर ब्रदर्सने सुरुवातीला मोजक्याच चित्रपटगृहांत चित्रपट लावला. काही दिवसांतच कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास रांगा लागू लागल्या. प्रेक्षक घेरी येऊन पडतात, उलट्या करतात, अर्ध्यातून उठून जातात, अशा बातम्या झळकल्या आणि त्या बातम्यांनीच रांगा आणखी लांबवल्या. प्रेक्षकांची प्रतिक्रिया हीच जाहिरात ठरलेल्या पहिल्या काही चित्रपटांत त्याची गणना होते. सुमारे १.२ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने पुनःप्रदर्शनांसह जगभरात ४० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला.

समीक्षकांत सरळ फूट पडली. रॉजर एबर्टने त्याला पूर्ण चार तारे दिले. पॉलीन केल आणि व्हिन्सेंट कॅनबी यांनी मात्र त्याच्यावर कठोर टीका केली. ऑस्करसाठी त्याला १० नामांकने मिळाली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकन मिळवणारा तो पहिला भयपट ठरला. तो पुरस्कार 'द स्टिंग'ने नेला. 'द एक्झॉर्सिस्ट'ला पटकथा आणि ध्वनी असे दोन पुरस्कार मिळाले.

मानसोपचारतज्ज्ञांकडेही रुग्ण येऊ लागले. जेम्स बोझुटो या डॉक्टरने १९७५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात चित्रपट पाहिल्यानंतर झोप उडालेल्या आणि धास्तावलेल्या चार रुग्णांची माहिती देणारा लेख लिहिला आणि या अवस्थेला चित्रपटजन्य मनोविकार म्हटले. ज्यांच्या मनात आधीच काही ताण दबलेले आहेत, त्यांना स्वतःवरचा ताबा सुटण्याची गोष्ट अधिक झोंबते, असा त्याचा रोख होता.

ब्रिटनमध्ये १९७४ साली प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह चित्रपट लागला, तरी काही नगरपरिषदांनी आपल्या हद्दीत त्याला मज्जाव केला. १९८४च्या व्हिडिओ कायद्यानंतर घरोघरी लहान मुले तो पाहतील, या चिंतेने त्याच्या कॅसेटला प्रमाणपत्र नाकारले गेले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९९ पर्यंत तिथे तो घरी पाहण्यासाठी कायदेशीररीत्या मिळत नव्हता.

काळाचे पडसाद

१९७३ची अमेरिका धास्तावलेली होती. व्हिएतनाम युद्धाने पिढ्यांमध्ये दरी पाडली होती, वॉटरगेट प्रकरणाने राष्ट्राध्यक्षावरचा विश्वास उडवला होता, घटस्फोट वाढत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिक चर्चच्या प्रवचनांतून सैतानाचा उल्लेख मागे पडला होता. अशा वेळी आपल्याच घरातली गोड पोर रातोरात अर्वाच्य बोलू लागते, आईच्या अंगावर धावून जाते, आणि बाप परदेशातून फोनसुद्धा करत नाही, हे दृश्य अनेक पालकांच्या खऱ्या भीतीला जाऊन भिडले. पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी त्याचे वेगळे वाचन केले. बार्बरा क्रीडने 'द मॉन्स्ट्रस-फेमिनिन' (१९९३) या पुस्तकात दाखवून दिले, की वयात येणाऱ्या मुलीचे शरीरच इथे किळस आणि भीतीचा विषय झाले आहे, आणि पुरुष धर्मगुरूंनी ते शरीर पुन्हा 'शुद्ध' करणे हा कथेचा शेवट आहे. कॅरल क्लोव्हरने लक्ष वेधले ते पुरुषाकडे. पछाडलेली असते स्त्री, पण खरी गोष्ट श्रद्धा हरवून बसलेल्या पुरुषाच्या मनाची असते, असे तिचे प्रतिपादन.

लेखक आणि दिग्दर्शक यांच्यातही अर्थावरून मतभेद होते. शेवटी सैतानच जिंकला, असा समज करून घेऊन प्रेक्षक बाहेर पडतात, याचे ब्लॅटीला दुःख होते. त्याच्या दृष्टीने कॅरसची उडी हे आत्मबलिदान होते. विधीच्या मध्यंतरात जिन्यात बसून मेरिन कॅरसला सांगतो, की सैतानाचा खरा रोख आपल्यावर आहे, माणूस प्रेमाला पात्रच नाही असे आपल्याला वाटावे हा त्याचा डाव आहे. हा संवाद फ्रीडकिनने १९७३ मध्ये कापला होता. २००० साली आलेल्या वाढीव आवृत्तीत तो परत घातला गेला.

श्रद्धेवर झालेला परिणाम

चित्रपटाचा सर्वांत खोल ठसा चित्रपटगृहाबाहेर उमटला. अमेरिकेत हा विधी जवळपास विस्मरणात गेला होता. समाजशास्त्रज्ञ मायकेल क्यूनियोने 'अमेरिकन एक्झॉर्सिझम' (२००१) या अभ्यासात मांडले आहे, की लोकांनी चर्चकडे अशी मागणी करण्याचे पुनरुज्जीवन मुख्यतः या कादंबरीने आणि चित्रपटाने केले. प्रॉटेस्टंट पंथांतही सैतानमुक्तीच्या प्रार्थनासभा फोफावल्या. व्हॅटिकनने १९९९ मध्ये या विधीची सुधारित आवृत्ती काढली. रोमचे प्रसिद्ध विधिकर्ते फादर गाब्रिएले आमोर्थ 'द एक्झॉर्सिस्ट' हा आपला आवडता चित्रपट असल्याचे सांगत. फ्रीडकिनने २०१७ मध्ये त्यांच्यावर माहितीपटही केला.

या श्रद्धेची काळी बाजू जर्मनीत दिसली. अपस्माराचे उपचार चालू असलेल्या एका तरुण विद्यार्थिनीवर १९७५–७६ मध्ये ६७ वेळा हा विधी करण्यात आला. उपासमारीने तिचा मृत्यू झाला. १९७८ मध्ये न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवले. चित्रपटात वैद्यक हरते आणि विधी जिंकतो. प्रत्यक्षात वैद्यक बाजूला सारल्यावर एक जीव गेला. पडद्यावरच्या पुराव्याला जगण्याचा पुरावा मानू नये, हे या प्रकरणाने कायद्याच्या भाषेत सांगितले.

अनुकरणे आणि वारसा

यशापाठोपाठ नकला आल्या. इटलीत 'बियाँड द डोअर', अमेरिकेत कृष्णवर्णीय कलावंतांचा 'अ‍ॅबी' आणि तुर्कस्तानात 'शेतान' हे तिन्ही १९७४चे. 'शेतान'मध्ये क्रुसाच्या आणि धर्मगुरूच्या जागी इस्लामी खुणा आल्या. भारतात रविकांत नगाइच यांचा 'जादू टोना' (१९७७) याच वाटेवरचा. विकास देसाई आणि अरुणा राजे यांच्या 'गहराई'ने (१९८०) मात्र कथा पूर्णपणे इथल्या मातीत रुजवली. विजय तेंडुलकर यांचा लेखनात सहभाग असलेल्या या हिंदी चित्रपटात डॉ. श्रीराम लागू बापाच्या आणि पद्मिनी कोल्हापुरे पछाडलेल्या मुलीच्या भूमिकेत आहेत. इथे ख्रिस्ती सैतान नाही. गावाकडची जमीन विकल्याचा जुना हिशेब आणि करणी यांतून बाधा येते. विवेकी माणसाची कोंडी हा गाभा मात्र दोन्हीकडे एकच आहे.

मूळ चित्रपटाची पुढची प्रकरणे १९७७ पासून २०२३ पर्यंत निघत राहिली. त्यांपैकी ब्लॅटीने स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'द एक्झॉर्सिस्ट ३'ला (१९९०) कालांतराने चाहते लाभले. मूळ चित्रपटाची उंची कुणालाच गाठता आली नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला. जॉर्जटाउनमधल्या त्या दगडी जिन्यावर २०१५ मध्ये शहराच्या वतीने फलक लावण्यात आला आणि पर्यटक तिथे येत राहिले. ब्लॅटी जानेवारी २०१७ मध्ये आणि फ्रीडकिन ऑगस्ट २०२३ मध्ये निधन पावला.

नंतरच्या झपाटलेपणाच्या चित्रपटांनी इथल्या खुणा उचलल्या. वाकडेतिकडे होणारे शरीर, घोगरा आवाज, पलंगाला बांधलेली मुलगी आणि लॅटिन प्रार्थना हे आता या प्रकाराचे व्याकरणच झाले आहे. पण बहुतेकांनी त्याची संथ, संशयी, पुरावे तपासणारी चाल सोडून दिली. पन्नास वर्षांनंतर 'द एक्झॉर्सिस्ट'मधल्या काही करामती जुन्या वाटतात. तरी तो चित्रपट टिकून आहे, कारण त्यातली आई आधी डॉक्टरकडे जाते, धर्मगुरू आधी शंका घेतो आणि प्रेक्षकालाही विश्वास ठेवायला कुणी घाई करत नाही.